चौथ्या मजल्यावरचं टपाल

पहिल्यांदा त्याने बेल वाजवली, तेव्हा ती कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उसवत बसली होती आणि आधीच वैतागलेली होती. दार उघडलं तर पोस्टमन... घामाघूम, हातात विजेचं बिल!

"एवढ्यासाठी चार जिने चढलात? खाली पेटी आहे ना!"

"आहे की..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग रोजचंच झालं. जाहिरातीचं चिटोरं असलं तरी बेल! अख्ख्या बिल्डिंगला ताई-माई करणारा हा गडी तिच्यापुढे मात्र नुसतं "टपाल..." म्हणून उभा राही. घरातली मावशी गालातल्या गालात हसे, शेजारची दारं किलकिली होत. शेवटी तिचं डोकं फिरलं. तरातरा पोस्टात गेली आणि पोस्टमास्तरांना सुनावलं, "तुमचा माणूस रोज चार जिने चढून येतो! साध्या बिलासाठीसुद्धा!"

"वा! असं कौतुक करायला कोण येतं हो आजकाल!" पोस्टमास्तर एवढे खूश झाले, की तिला पुढे बोलूच देईनात. आणि ती बावळटासारखी गप्प परत आली.

आता भोगा! पोस्टाच्या हॉलमध्ये उत्कृष्ट सेवेबद्दल त्याचा सत्कार, आणि चषक द्यायला पाहुणी कोण, तर हीच. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर करायची हिंमत होईना.

तेवढ्यात पोस्टमन माइकपाशी गेला.

"साहेब, हा चषक मला नको. मी चार जिने एकाच घरासाठी चढतो. बाकीच्यांचं टपाल खालच्या पेटीत टाकतो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघे धरत खाली येतात, त्यांचंसुद्धा... लाज वाटते मला."

हॉलमध्ये हशा पिकला. त्याचं एकट्याचं हसं होतंय, हे तिला बघवेना. ती ताडकन उठली.

"आणि मी कौतुक करायला नव्हते आले. तक्रार करायला आले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं... मलाही लाज वाटते."

चषक टेबलावरच राहिला.

बाहेर तो सायकलच्या कुलपाशी झटापट करत होता. किल्ली काही लागेना.

"उद्यापासून तुमचं टपाल खाली टाकेन," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

"टाका. आजोबांचं मात्र वर नेऊन द्या."

"देतो."

"आणि..." ती अडखळली. "ज्या दिवशी माझं टपाल नसेल... त्या दिवशी चौथ्या मजल्यावर या."

तो बघतच राहिला. "रविवारी तर कुणाचंच नसतं..."

"माहीत आहे," ती म्हणाली.