डावा पंख

"अहो, ही बोट आहे की तिपाई?"

तिच्या मामाच्या बोटींच्या कारखान्याचं फाटक अडवून ट्रेलर उभा होता. त्यावर एक जुनाट ट्रायमरान. मधे एक लांब बोट, दोन्ही बाजूंना दोन सडपातळ, आडव्या दांड्यांनी जोडलेल्या. आणि त्या पसाऱ्यामागून डोकावणारा एक चष्मा! ती रंगाचे डबे घेऊन आत जायच्या घाईत, तावातावानं भांडायलाच आली होती खरं तर…

"सेकंडहँड आहे," चष्मा ओशाळून म्हणाला. "पण स्वभावानं चांगली आहे."

"बोट की मालक?"

"बोट. मालक कोरा करकरीत आहे."

झालं! भांडण तिथंच वितळलं.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. ते वर्षभर धाकट्या भावाच्या गळ्यात मारून हा किनाऱ्या-किनाऱ्यानं एकटा फिरणार होता. बोट झाली, की निघाला! बाजूच्या दोन्ही बोटींना ती पंख म्हणायची. उजवा त्यानं घ्यायचा, डावा तिनं, अशी वाटणी झाली. मग काय… दिवसभर घासकाम, केसांत पांढरी पूड, आणि मधल्या बोटीच्या पाठीवरून गप्पा.

"चष्मेवाले, तीच जागा तिसऱ्यांदा घासताय!"

"मला नीट दिसत नाही ना."

"मग दुकान कसं चालवता?"

"दुकानात समोर तू नसतेस."

ती लाजून पंखाआड बसली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही. मामा मात्र जाता-येता खाकरायचा. "अगं, बोट रंगव, गाल नको!"

सगळं कसं छान चाललं होतं. आणि एका दुपारी तिला ती चीर दिसली. दांडी डाव्या पंखाला जिथं मिळते, अगदी तिथं, केसाएवढी. नियमानं ती खरवडून कापडाचे नवे थर द्यायचे. आठ दिवसांचं काम. वारा फिरला की मोसम संपला, आणि त्याला अजून वीस दिवस होते. म्हणजे सांगितलं असतं तरी तो वेळेत गेलाच असता…

तिनं चिरेत पुट्टी भरली. वर रंग मारला.

तिचा हिशेब सरळ होता. पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक पंखात पाणी भरून बघतातच. वारा फिरायच्या तोंडावर ती चीर गळेल, काम लांबेल, आणि स्वारी अडकेल पुढच्या मोसमापर्यंत. कुणाचं काय बिघडणार होतं?

पण तिच्या हिशेबाच्या कितीतरी आधी, एका सकाळी ती आली तर बोट पाण्यात! शीड चढवून चष्मेवाला धक्क्यावर हात पुढे करून उभा. "चल, पहिली फेरी तुझी."

चाचणी झालीच असणार, असं समजून तिनं तो हात धरला. बोट अशी पळाली म्हणता! तोंडावर खारे शिंतोडे, उजवीकडून भरलेला वारा, डावा पंख पाण्यावर टेकलेला, आणि तो तिच्याकडे बघून हसत होता…

"दोन्ही पंख मस्त टिकले ना रे चाचणीला?" तिनं सहज विचारलं.

"उजव्याची केली. डाव्याची कशाला? डावा तुझा होता."

तिनं झटकन वळून पाहिलं. पंख मघापेक्षा खाली होता. बराच खाली.

"फिरव," ती म्हणाली. "फिरव ना! डाव्यात चीर आहे… मला माहीत होतं!"

त्यानं लगेच सुकाणू फिरवलं, भार उजव्या पंखावर घेतला आणि बोट कशीबशी धक्क्याला आणली. मग पंखाचं झाकण उघडून तो बादलीनं पाणी उपसत राहिला. ती शेजारी उभी.

"तू जाऊ नयेस म्हणून केलं… मला तू आवडतोस."

बादली थांबली.

"थांब म्हणायचंस गं. एवढंच." त्यानं चष्मा काढून पुसला, उगाचच. "उजवा पंख मी तीनतीनदा का घासत होतो, काय वाटलं तुला?"

ती बघतच राहिली. हासुद्धा उशीरच करत होता… रोज… तिच्यासाठी!

"मग आता म्हणते. थांब ना."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "रागावलो नाहीये मी. पण तू बोटीत बसलेली होतीस. अजून थोडं पुढे गेलो असतो, तर…" तो पुन्हा पाणी उपसू लागला.

चीर खरवडून त्यानं मामाबरोबर नवे थर दिले. पाण्याची चाचणी दोन दिवस चालली. डावा पंख थेंबभरही गळला नाही.

वारा फिरायच्या आत तो निघाला, त्या सकाळी ती पाण्याचा कॅन घेऊन गेली. कॅन तिनंच दांडीला बांधला. दोन वेढे, पक्की गाठ.

"जपून जा."

"हो. पत्र लिहीन."

तो हसला, अगदी पहिल्यासारखं. आणि मग, नकळत असेल, त्यानं वाकून ती गाठ एकदा ओढून पाहिली.