खुंटीवरची काठी

त्या दिवशी सकाळी देवाजींनी दोनदा चहा घेतला. एरवी ते एकदाच घ्यायचे, पण लेक घरी आली की दुसरा कप आपोआप व्हायचा. दिव्यानी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. दसऱ्याला म्हणून आली आणि आणखी चार दिवस घरूनच काम करते असं सांगून राहिली होती.

“कसे दिसून राह्यले पाय?” बशी खाली ठेवत त्यांनी विचारलं.

पाय सिंहासनाचे होते. वडश्याच्या एका नाटक कंपनीनं राजासाठी सिंहासन सांगितलं होतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होणार, त्याआधी ते हवं होतं. वाघाच्या पंजाचे तीन पाय तयार होऊन ओसरीत उभे होते.

“वाघ लंगडा आहे, बाबा.”

“आज येते त्याचा चौथा पाय. मंग पाहाजो, राजाच वाघाले नमस्कार करन.”

“राजाचं काम करते थो म्हंजे आपला पोस्टमन,” चुलीपासून दिव्यानीची आई, गिरजाबाई, म्हणाल्या. “थो तं साऱ्यायलेच नमस्कार करते.”

देवाजी हसले, गळ्यातला दुपट्टा काढून खुर्चीवर टाकला आणि मागच्या अंगणात गेले. दुपट्टा घालून ते मशीनवर कधीच उभे राहत नसत.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीला घरात सगळे कारखाना म्हणायचे. तिथं मधोमध लोखंडी टेबल होतं आणि त्याच्या फटीतून गोल करवतीचं पातं अर्धं वर आलेलं असायचं. देवाजींचे नियम ठरलेले होते. अंगावर लोंबतं काही नको, हातात मोजे नकोत, पातं लाकडाच्या वर दातभरच हवं. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, कारण अडकलेलं लाकूड मागं सुटतं ते बंदुकीच्या गोळीसारखं. आणि शेवटचं वीतभर लाकूड हातानं कधीच ढकलायचं नाही. त्यासाठी काठी होती. धावड्याच्या लाकडाची, हातभर लांब, पुढच्या टोकाला खाच. मशीन बंद असली की ती दाराजवळच्या खुंटीवर, चालू व्हायच्या आधी टेबलाच्या उजव्या कडेला.

आणखी एक नियम होता, तो मशीनवरच्या माणसासाठी नव्हता. मशीन चालू असताना मागून हाक मारायची नाही. दारातून आत आलं की समोरच्या फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक चौकोन काढलेला होता. त्यात येऊन, दिसेल असं उभं राहायचं आणि वाट बघायची. देवाजी मशीन बंद करत, पातं पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत, आणि मग मान वर करून म्हणत, “बोल.” दिव्यानीचं निम्मं लहानपण त्या चौकोनात गेलं होतं. शाळेचा निकाल तिनं तिथंच सांगितला होता, नोकरी लागल्याचंही.

त्या दिवशी अकरा वाजता तिची ऑनलाइन मीटिंग होती. घरात मोबाइलला रेंज यायची ती फक्त मागच्या खोलीच्या खिडकीशी, आणि त्या खिडकीचं झडप वर उचलून धरावं लागायचं. टेकू शोधत ती कारखान्यात गेली. देवाजी अंगणात चौथ्या पायाच्या ठोकळ्यावर शेवटच्या कापाच्या रेघा आखत होते, गिरजाबाई विहिरीवर गेल्या होत्या. खुंटीवर काठी होती. तिची खाच झडपाच्या काठाला अशी बसली, जशी त्यासाठीच केली असावी.

मीटिंग सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांनी बाहेरून आवाज आला.

“दिव्यानी, माही काठी पाह्यली का वं?”

तिनं ऐकलं. पडद्यावर प्राचार्य बोलत होते. काठी काढली तर खिडकी पडणार आणि मीटिंग तुटणार. दोन मिनिटांत देते, असं तिनं मनात म्हटलं.

“दिव्यानी वं, काठी?”

मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. नंतर एक वेगळा आवाज, ओल्या पोत्यावर काही आदळावं तसा. आणि मशीन चालूच राहिली.

देवाजींनी काठीऐवजी एक बारकी पट्टी घेतली होती. ती आखूड होती, म्हणून त्यांना पात्याच्या रेषेत वाकावं लागलं. पट्टी फुटली, लाकूड मागं सुटलं आणि बरगडीखाली लागलं. दवाखाना यायच्या आधीच, रस्त्यातच सगळं संपलं. त्यांची दहाही बोटं शाबूत होती.

लोक जमत होते, गिरजाबाई ओसरीत बसून एकाच सुरात काही म्हणत होत्या, तेव्हा दिव्यानी मागच्या खोलीत गेली. तिनं खिडकीतून काठी काढली आणि कारखान्यातल्या खुंटीवर नेऊन टांगली. का टांगली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. हात गेला आणि टांगून आला.

तेरवीला आलेला प्रत्येक जण त्या काठीकडे बघत होता. तीस वर्षं मशीनवर काढलेला मिस्त्री, काठी चार पावलांवर, आणि घेतली नाही?

“दिसतच नोहतं त्यायले,” गिरजाबाई ज्याला त्याला सांगत. “डोळ्यात मोतीबिंदू. मीच म्हनलं, आपरेशन दिवाईनंतर करू. काठी समोर होती, त्यायले दिसली नाई. माह्याच्यानं झालं हे.”

दिव्यानी प्रत्येक वेळी शेजारी बसलेली असे. प्रत्येक वेळी तिच्या तोंडाशी एक वाक्य येई आणि परत जाई.

दिवाळी गेली, धान कापून झालं. ती सुटी वाढवून घरीच होती. पहिलं नाटक आठवड्यावर आलं असताना एका सकाळी नाटक कंपनीचा इतवारी मोटरसायकलवर आला. तो नेपथ्य पाहायचा. ओसरीतल्या तीन पायांसमोर तो बराच वेळ उभा राहिला.

“राहू दे बाई, आमी लाल कापड टाकून खुर्चीच ठेवतो यंदा.”

“नाई,” गिरजाबाई म्हणाल्या. “त्यायनं घेतलेलं काम हाय. दुसरा मिस्त्री पाहातो.”

“मी करते,” दिव्यानी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती बारा वर्षांची असल्यापासून बाबांनी तिला मशीन शिकवली होती, हे गिरजाबाईंना माहीत होतं.

पहिल्या दिवशी तिनं कारखाना झाडला, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, पट्टा तपासला, पात्याचे दात पाहिले. केस बांधले, ओढणी बाहेर ठेवली. काठी उजव्या कडेला ठेवली आणि आलापल्लीच्या सागाची फळी घालून चौथ्या पायाचा चौरस ठोकळा काढला. सागाचा तो कडवट, तेलकट वास खोलीत भरला. तिनं मशीन बंद केली, पातं थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं आणि मान वर केली.

फरशीवर भुशाचा पिवळसर थर बसला होता. सगळीकडे सारखा. फक्त पांढऱ्या चौकोनात दोन जागा कोऱ्या होत्या, पावलाएवढ्या, शेजारी शेजारी. जणू भुसा खाली येत असताना तिथं कोणी उभं होतं.

ती वाकली. कोऱ्या जागांच्या कडा रुंद आणि बोथट होत्या. अनवाणी पावलाच्या नव्हेत, बाबा घालायचे तसल्या टायरच्या चपलेच्या असाव्यात तशा.

वारा, ती स्वतःशी म्हणाली. पत्र्याच्या फटीतून येणारा वारा असा काहीही करू शकतो. तिनं केरसुणी फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर काठी नव्हती. टेबलावर नव्हती, खाली पडलेली नव्हती. ती मागच्या खोलीत गेली. तिथली खिडकी तिनं त्या दिवसापासून उघडलीच नव्हती. झडप आता वर होतं आणि त्याखाली काठी ताठ उभी होती, खाच बरोबर काठाला बसवून.

“आई, खिडकी तू उघडली?”

“मी काऊन उघडू? तिथी जाते कोन आता?”

“काठी तिथं होती.”

गिरजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. “त्यायच्या काठीले हात नोको लावू म्हनत होती मी. थे खुंटीवरच राहू दे. एवढी मोठी काठी, आन् दिसली नाई माह्या मानसाले.”

दिव्यानीनं खिडकी लावली, कडी घातली, काठी घेतली. त्या दिवशी तिनं कारखान्याचं दारही आतून लावून घेतलं. मग फरशी पुसली आणि ठोकळ्याच्या वरच्या खाचा पाडल्या. तासभर काम झालं. मशीन बंद केल्यावर तिनं लगेच मान वर केली नाही. पातं थांबल्यावरही त्याच्याकडेच बघत राहिली.

चौकोनात दोन पावलं कोरी होती. चवडे तिच्याकडे.

दुपारी गिरजाबाई उन्हात पापडाचं पीठ घेऊन कारखान्याच्या दारावरून गेल्या. दार आता उघडं होतं. दिव्यानीनं ओसरीतून पाहिलं की त्या जाताना आत डोकावल्या आणि डोक्यावरचा पदर जरा पुढं ओढला. घरात मोठं माणूस समोर आल्यावर ओढावा, तसा.

तिनं काहीच विचारलं नाही. पुस्तकांमध्ये तिनं अशा गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की त्यातली माणसं वेळेवर विचारत का नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेवटचा काप होता. ठोकळा वरून रुंद, खाली निमुळता करायचा. त्यानंतर पंजा हातानंच कोरायचा होता. त्या दिवशी बाबांच्या हातचं लाकूड याच कापात सुटलं होतं. उभं राहायच्या जागेमागच्या पत्र्यात, कमरेच्या वर, त्यांना लागून उसळलेल्या लाकडाची खोलगट खूण अजून तशीच होती.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर ऊन होतं. शेजारच्या शेतात मळणीयंत्र चालू होतं.

तिनं मागच्या खोलीच्या खिडकीची कडी पाहिली. फोन तिथंच खिडकीशी पडून होता, खिडकी बंद असल्यामुळे कालपासून मुका. काठी स्वतःच्या हातानं उजव्या कडेला ठेवली. ती तिथं आहे, हे बोटानं दाबून पाहिलं. डावीकडे सरकून उभी राहिली. गुडघ्याच्या उंचीला बाबांनी एक फळी लावली होती. हात अडकलेले असताना गुडघ्यानं ती दाबली की मशीन बंद व्हायची. तिनं तीही एकदा तपासली.

मग मशीन सुरू केली.

लाकूड सरळ जात होतं. पात्याचा सूर एकसारखा होता. भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता आणि हळूहळू खाली येत होता. तिनं वर पाहिलं नाही. मशीन चालू असताना वर पाहायचं नसतं.

शेवटची वीत आली.

तिनं नजर लाकडावरच ठेवून उजवा हात कडेकडे नेला.

कडेला काही नव्हतं.

हात थोडा पुढं गेला, मागं आला. गार लोखंड. बोटाखाली भुसा.

शेजारी एक बारकी पट्टी पडली होती. आखूड, हाताला लगेच येईल अशी. ती तिनं तिथं ठेवली नव्हती.

सूर बदलला. लाकूड थरथरायला लागलं.

तिनं पट्टीला हात लावला नाही. डाव्या हातानं लाकूड टेबलावर दाबून धरलं आणि गुडघ्यानं फळी दाबली.

सूर खाली उतरत गेला. दात दिसायला लागले, आधी धूसर, मग एकेक. पातं थांबलं.

त्या शांततेत मागच्या खोलीतून फोन वाजला. एक संदेश. मग दुसरा. मग कालपासून अडकलेले सगळे, एकापाठोपाठ एक. खिडकी उघडली होती.

तिनं मान वर केली.

भुसा अजून खाली येत होता. चौकोनात सगळीकडे पडत होता, दोन जागा सोडून.

दारात गिरजाबाई चहा घेऊन आल्या. आत येताना त्या चौकोनापाशी थबकल्या, अंग चोरून भिंतीकडून वळल्या आणि रोजच्यासारखं, कपाकडे बघत पुटपुटल्या, “सरका जी जरासे.”

मग कप टेबलावर ठेवून त्या लेकीकडे वळल्या. “कवापासून उभे हायेत. तू बोल म्हनतच नाई त्यायले.”

दिव्यानीच्या हाताखालचं लाकूड अजून कोमट होतं. मशीनवर जो उभा असेल त्यानंच बोल म्हणायचं असतं. आणि एकदा तसं म्हटलं, की चौकोनातला माणूस काय विचारेल हे तिला ठाऊक होतं. त्यांनी ते दोनदा विचारलं होतं.

ती आईकडे पाहू शकली नाही. चौकोनाकडे पाहत, लहानपणापासून घरात बोलत आली होती त्या बोलीत ती म्हणाली,

“बाबा, काठी मी नेली होती. खुंटीवर मंग टांगली, थेही मीच. आई, त्यायच्या डोळ्यायच्यानं नाई झालं हे. त्यायनं दोनदा हाक मारली, आन् मी दोन्ही खेपेले आयकली.”