हात मागे

“मुलांच्या कामाला मोठ्यांचा हात लागला की ते काम मुलांचं राहत नाही, पोरी. हात मागे बांधायचे नि उभं राहायचं.” निवृत्त होताना जुन्या ग्रंथपालबाई त्यांच्या जागी आलेल्या तिला एवढंच सांगून गेल्या होत्या. शाळा सुटली की मुलं वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत; काय करायचं ते आपसांत ठरवत, भांडत, करत. आणि ती तो नेम व्रतासारखा पाळी.

म्हणूनच मुलांनी दिव्यासाठी पसरलेल्या वायरींना हात घालणारा तो अनोळखी माणूस दिसताच ती म्हणाली, “हात मागे!”

तो दचकला. “अहो, मी वायरमन आहे…”

“असाल. वायर त्यांची आहे.”

“भाचीनं पाठवलंय. समोरच्या हॉस्पिटलात, वरची खिडकी. दिवा कधी लागतोय, म्हणून रोज डोकं खाते माझं.”

तिचा आवाज उतरला. ती मुलगी याच खोलीत जमणाऱ्यांतली. मुलांनी वाचनालयाच्या गच्चीवर दिवा लावायचा, आपण खिडकीचा पडदा हलवून उत्तर द्यायचं — ही कल्पना त्या मुलीचीच.

मग तो रोज येऊ लागला. तिच्या शेजारी, हात मागे बांधून. मुलं भलत्याच तारा जोडत, दिवा रुसलेलाच राही, आणि याची बोटं नुसती वळवळत.

“तुमच्या नेमापायी जीव जायचा माझा!”

“हात धरून ठेवायला कुणी हवंय का?” ती बोलून गेली… आणि कानांपर्यंत लाल झाली.

“तुम्ही मोकळ्या असाल तर…”

एके दिवशी मात्र तो हसला नाही. “तिच्या हातात फार दिवस नाहीत. एकच तार सैल आहे. आवळू?”

तिचा नेम डळमळला. “आवळा.”

तो वाकला… आणि तसाच उठला. “नको. तिनं बजावलंय — मामा, तू लावलास तर मी पडदा हलवणार नाही.”

दुसऱ्या संध्याकाळी ती सैल तार मुलांनाच सापडली. गच्चीवर दिवा लागला, एकच कल्ला झाला! मग सगळे समोर बघत राहिले.

पडदा हलेना.

तो उशिरा आला होता. पाठीमागे तिच्या बोटांनी त्याचा हात शोधला. मूठ घट्ट मिटलेली, आत केसांची छोटीशी क्लिप.

“कधी?” तिनं हळूच विचारलं.

“दुपारी.”

मुलांना त्यानंच सांगितलं, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून. रडता रडता एकीनं विचारलं, “मग… विझवायचा?”

“नाही गं. त्या खिडकीत उद्या दुसरं कुणी येईल. त्यालाही दिसू दे, म्हणाली होती ती.”

मुलं गेल्यावर तो म्हणाला, “उद्या हा गच्चीचा जिना माझ्यानं चढवणार नाही. तुम्ही मुलांना घेऊन…?”

“रोज. शब्द देते.”

“आणि मी येईन तेव्हा… तुमच्या शेजारची जागा?”

“ती तुमचीच. जन्मभर म्हणालात तरी.”

त्यानं मूठ उघडली, क्लिप तिच्या तळव्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तशी तिनं ती क्लिप केसांत अडकवली, गच्चीची किल्ली मुलांकडे दिली. मुलं जिना चढू लागली. तिनं हात मागे बांधले, आणि त्यांच्या मागोमाग पहिली पायरी चढली.