टिंब राहून गेलं

"मे यामो रोहिणी… सोय दे पेडगाव…"

ऑटोत बसून मी ओठांतल्या ओठांत घोकत होते. माझं नाव रोहिणी, मी पेडगावची. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सोय दे सोनपेठ!"

मी दचकून बघितलं. माझ्याच वयाचा एक मुलगा. मांडीवर कृषी विद्यापीठाची पिशवी, आणि डोळ्यांत हसू…

"तुमी बी स्पॅनिश शिकायलाव?"

"शिकायलोय कुठं, झटायलोय नुसतं. मी सिद्धोधन. जयभीम."

"जयभीम."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर अर्धा तास आमचा सराव. तो मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहायचा, मी वहीत देवनागरीत. 'तू'ला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात, हे कळल्यावर आमचं 'तुमी' आपोआप गळून पडलं. तो मात्र इंग्रजी वाचून 'टू' म्हणायचा.

"सायबाचा ट कशाला रे? त आणि द तर आपल्या जिभेवर घरचेच आहेत."

"अन् स्पॅनिश कुणी मराठीत लिहितं का, बाई?"

"मी लिहिते!"

मी उगाच शिकत नव्हते. पहिली परीक्षा पास झाले, तर शिकवणाऱ्या संस्थेतच घरबसल्या काम मिळणार होतं. पेडगावात अशी परीक्षा आजवर कुणी दिली नव्हती. माझी आई सुलाबाई गल्लीभर सांगत फिरायची, "माझी पोरगी समुद्रापल्याडची भाषा बोलायलीय!"

पौर्णिमेला मी अष्टशील पाळते, दुपारनंतर अन्न घेत नाही. त्या संध्याकाळी पायरीवर बसले ती गळूनच.

"के ताल?" त्यानं विचारलं. कशी आहेस?

दमलेय, हे सांगायचं होतं. वहीत शब्द शोधला आणि ठसक्यात म्हणाले, "एस्तोय कासादा."

तो बघतच राहिला. "खरंच?"

"खोटं कशाला बोलू? शील पाळते मी."

हातातले शेंगदाणे त्यानं हळूच माझ्या बाजूला ठेवले. "निघतो मग… ताई."

ताई?

दुसऱ्या दिवसापासून तो दोन पायऱ्या सोडून बसू लागला. "ताई, तुमी वाचा." "ताई, तुमचं बरोबर हाय." माझं काय चुकलं, ते विचारायला ओठ उघडत, आणि… मिटत. पहाटे वंदनेला बसले तरी मन त्या दोन पायऱ्यांवरच.

आठ दिवसांनी परीक्षा. पडद्यावर स्पेनमधल्या एक बाई. नाव, गाव, घरची माणसं… सगळं धडाधड सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एस्ता कासादा?"

दमलात का म्हणतायत, किती माया! मी म्हणाले, "सी, ओय मुचो!" हो, आज तर फारच!

बाई खळखळून हसल्या. बोटात अंगठी घातल्याची खूण करत म्हणाल्या, "कासादा?" मग कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करून, "कान्सादा?"

न! मधला न!

वहीतलं ते पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. का-वरचा अनुस्वार मी द्यायचाच विसरले होते. दमलेली म्हणायच्या जागी मी त्याला सांगितलं होतं… माझं लग्न झालंय! रोज खोटं न बोलण्याचं शील घेणारी मी!

मी ताठ बसले. "नो कासादा. कान्सादा!"

बाईंनी टाळ्या वाजवल्या. निकाल लगेच पडद्यावर आला. पास!

आईला फोन केला आणि थेट विद्यापीठाचं फाटक गाठलं.

"ताई, झालात पास?"

"झाले. पण ताई नको म्हणू." मी वही उघडली, त्याच्यासमोर 'कासादा'वर टिंब दिलं. "हे राहून गेलं होतं. टिंब असलं की दमलेली. नसलं की… लग्न झालेली."

त्याचे कान लालेलाल.

"एका टिंबापायी मी आठ दिवस ताई म्हणायलोय?"

"म्हणूनच तर दमले!"

हसता हसता तो थांबला. आवाज एकदम खाली आला. "मग हे टिंब परत… काढायचं कधी?"

मी मान वरच ठेवली.

"आधी काम लागू दे. पुढची परीक्षा होऊ दे. मग मीच काढीन. पेन माझं आहे."

"अन् तोवर मी काय करू?"

"ट सोड."

त्यानं माझ्याकडे बघितलं. जीभ दाताला अलगद लावून म्हणाला, "तू…"

मराठीत म्हणाला की स्पॅनिशमध्ये… मी विचारलं नाही.