मानशीवरची पाचर

फेस्ताच्या सकाळी नऊ वाजता मिरवणूक बांधावरून चर्चकडे निघाली. व्हायोलिन खांद्याला लावून चाललेला रुझार मानशीपाशी क्षणभर थांबला. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. खाली ओहोटीचं पाणी शेतांतून नदीकडे धावत होतं आणि मानशीची लाकडी झडप त्यात मोकळी खटखटत होती.

"ऐकलंस? तीसुद्धा तालात आहे," तो मुलीला म्हणाला.

"पाय, चल ना! पाद्री पुढे गेले," एस्पेरान्स हसली. वडिलांना ती 'पाय' म्हणायची.

त्या मानशीची राखण रुझार एकतीस वर्षं करत होता. त्याच दुपारी झडप उघडी राहिली आणि नदीचं खारं पाणी शेतांत शिरलं. संध्याकाळी चर्चसमोर गाव ओरडलं, "दारुड्या, आमचं भात बुडवलंस!" चौथ्या दिवशी रुझार झोपेतच गेला.

मडगावच्या खासगी तपासनीस कितेरियाबाईंच्या टेबलावर एस्पेरान्सने एक पाचर ठेवली. "झडप हिनेच अडवली होती. आमचीच आहे. मानशीजवळ खिळ्याला टांगलेली असते."

"मग झालं की!" बाईंचा मदतनीस, निवृत्त हवालदार शाणू म्हणाला. "त्याचीच पाचर, त्याचीच मानस."

"उघड्यावर टांगलेली, शाणूबाब. तुमच्याही हाताला आली असती." बाईंनी भिंग उचललं. पाचरीच्या फटीत हिरव्या दोऱ्याची गाठ अडकली होती. "एस्पेरान्स, तुमच्या घरी जाळं आहे?"

"नाही. मानशीवर मासे धरायचा हक्क यंदा इनासकडे आहे."

"वडील काय म्हणाले?"

"'पाचर काढायला गेलो होतो,' एवढंच. कोणी लावली विचारलं, तर म्हणाले, 'पाहिलं नाही, मग नाव कसं घेऊ?'"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "कोर्टात इतकी वर्षं काढली, पण असा साक्षीदार भेटला नाही. आणखी काही विचारलंस त्यांना?"

एस्पेरान्सने पाचर बाईंकडे सरकवली. "ही ठेवा तुमच्याकडे."

इनास अंगणात डाव्या हाताने सुई चालवत हिरवं जाळं सांधत होता. "साडेतीनला मानशीपाशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं त्याला. हातात हातोडा. फेणी चढलेली."

"पिताना पाहिलंत?"

"फेस्ताला कोण पीत नाही, बाय?"

"पाणी कसं होतं?"

"भरती. धो धो आत येत होतं."

चर्चच्या मांडवात जेवण रांधणारी सेवेरीन म्हणाली, "रुझार? चर्चमधली मिसा संपली तसा थेट मांडवात. तीनपर्यंत माझ्यासमोर. इनास मात्र निम्मी मिसा झाल्यावर आला, मागच्या दाराने, चोणक घेऊन. तो मासा अजून असा तडफडत होता, माझा झगा भिजवला!"

"आंबोट-तीक केलंत का त्याचं?" शाणूने विचारलं.

"तुम्ही तपासाला आलाय की जेवायला?"

रविवारी मिसेनंतर बाईंनी गावाला चर्चच्या अंगणात थांबवून घेतलं.

"झडप नदीकडे उघडते. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं. साडेतीनला ती उघडता येईल?"

"दहा माणसांनाही नाही," एक म्हातारा शेतकरी म्हणाला.

"म्हणजे पाचर ओहोटीतच लागली, साडेदहाला पाणी फिरायच्या आत. नऊला तुम्ही सगळे वरून गेलात, तेव्हा झडप खटखटत होती. तिथून तीनपर्यंत रुझार तुमच्या डोळ्यांसमोर. हातोडा होता तो पाचर काढायला."

"मग मिसेला उशिरा कोण आलं?" सेवेरीन म्हणाली.

माना वळल्या. "इनास! धरा त्याला!"

"थांबा!" बाईंचा आवाज चढला. "त्या संध्याकाळीही हेच आवाज होते, नाव तेवढं दुसरं होतं. उशीर झाला, मासा ताजा होता, म्हणून संशय घ्या. गुन्हा त्याने सिद्ध होत नाही."

त्यांनी पाचरीतली गाठ सगळ्यांपुढे इनासच्या जाळ्यावर ठेवली. "दोरा तोच. आणि दोन्हीकडे गाठ उलटी, डाव्या हाताची. गावात डाव्या हाताने जाळं विणणारा दुसरा कोण आहे?"

इनास खाली बसला.

"झडप जाळं फाडत होती, म्हणून पाचर मारली. घंटा झाली, जाळं ओढलं, मासा घेऊन पळालो. पाचर राहिली. मग रुझारला तिथे पाहिलं... आणि तोंड उघडायचं धाडस झालं नाही."

"उघडलंस की," सेवेरीन म्हणाली. "त्याच्या नावाने."

अंगण रिकामं झालं तशी एस्पेरान्स बांधावर गेली. ओहोटी लागली होती. झडप खटखटत होती. तिने पाचर पुसून खिळ्याला टांगली.

"पाय," ती मोठ्याने म्हणाली, "त्या संध्याकाळी मीही तुला विचारलं, 'तूच नाहीस ना?' तू नुसता बघत राहिलास. मी विचारायला नको होतं, पाय."