म्हातारी न होणारी सुरमई

"तीच आहे! शपथ, तीच!" कावेरीनं धाकट्या भावाचा हात इतका घट्ट धरला की चिदंबर ओरडलाच.

"अय्यो, अक्का, सोड की! कोण तीच?"

"ती सुरमई! शेपटीचा लचका तुटलेली. रविवारी तूच तिला महाराणी म्हणालास ना? आज गुरुवार, आणि बघ!"

बर्फावर सुरमई चकाकत होती. डोळे असे टवटवीत, जणू आपल्याकडेच बघतायत!

दिवेलागण झाली होती. पर्यटकांच्या या बाजारात, चंदनी हत्तींच्या दुकानांमागे, पूर्वी फुलवाल्या बसत. मोगऱ्याचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. आता तिथं मासळी मिळे, थर्माकोलच्या पेटीत, वर लाल फीत बांधून. समुद्र राहिला घाटापलीकडे, तरी म्हैसूरची भेट म्हणून लोक पेट्या घेऊन जात.

पुण्याहून सुटीला आलेली मामेबहीण इरा कुजबुजली, "मासळीचं दुकान, आणि वासच नाही?"

"माशीही नाही," चिदंबर म्हणाला.

एक मांजर खाली पडलेल्या तुकड्याजवळ आलं. हुंगलं. त्याची पाठ ताठ झाली, आणि ते मागच्या मागे अंधारात सरकलं.

"इरा!" मागून मानाजीमामांचा दणदणीत आवाज आला. "आपली पेटी ठरली! हीच सुरमई! आजीला केव्हाची खायचीय."

इराचा चेहरा उतरला. पुण्यात आजी महिनाभर अंथरुणाला खिळून नुकतीच उठली होती. पहिला घास हाच जाणार?

"बाबा, ही नको! ही रविवारपासून इथंच आहे."

"सकाळचा माल हो, साहेब!" दुकानदार हसला. "पुण्यापर्यंत बर्फ वितळला तरी ताजीच राहणार!"

"ऐकलंस? उगाच खुसपटं काढू नकोस," मामा म्हणाले.

दुकानदारानं पेटी पुढे ओढली. आता? कावेरीला घरची सवय आठवली. लष्कर मोहल्ल्यातलं त्यांचं घर रंगाऱ्यांचं. रंगाच्या कढया केव्हाच थंड झाल्या होत्या, पण अजूनही नवं कापड आलं की आजोबा गणपतराव ओला पांढरा रुमाल घेऊन बसत. आधी घासून बघायचं, रंग सुटतो का!

"अंकल, कल्ले दाखवा की," ती गोड आवाजात म्हणाली.

"बघ, बघ! लालभडक!" त्यानं ऐटीत कल्ला उघडला.

"चिदू, रुमाल!"

चिदंबरनं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला. कावेरीनं कल्ल्यावर जोरात घासला. रुमाल गुलाबी झाला, कुंकू सांडल्यासारखा! आणि कल्ला? राखेसारखा करडा! वर डोळे मात्र तसेच टवटवीत, तसेच रोखलेले.

इरा शहारली.

"ए पोरी! रक्त आहे ते!" दुकानदार खेकसला.

"रक्त घासून कल्ला करडा होतो, हौदा, खरंच?" चिदंबर ओरडला. "हा कच्चा रंग आहे! अगदी कच्चा!"

आजूबाजूचे पर्यटक थबकले. एका बाईनं आपल्या पेटीची फीत तोडून कल्ला घासला. बोटं गुलाबी! मग एकच गलका उडाला. दुकानदार मागच्या दारानं निसटू लागला, पण मामांनी त्याची कॉलर धरली ती सोडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अन्न तपासणारे अधिकारी नमुने घेऊन गेले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. शाळेत मेलेले बेडूक ज्या औषधात बुडवून बाटलीत ठेवतात, त्याच औषधात ती मासळी बुडवली होती. महाराणी किती आठवडे जुनी होती, हे कुणालाच सांगता आलं नाही.

मामांनी लगेच पुण्याला फोन लावला. "आई, मासा राहिला गं. मी आंधळ्यासारखा घेत होतो. या तिघांनी वाचवलं तुला."

गणपतरावांनी तिघांना जवळ ओढलं. "माझ्या हातांना आता रंग लागत नाही," ते म्हणाले, "पण रंग पारखणारी नजर तुमच्याकडे आली रे!"

फोनमधून आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "मासा मरू दे! माझ्या तिन्ही वाघांना घेऊन ये. आल्यावर पिठलं करते!"