डाव्या दाराची मुकी तार

गाडी कुलूपबंद होती, काच शाबूत होती, अलार्म चिमणीएवढाही चिवचिवला नव्हता; आणि मागच्या सीटवरचं व्हायोलिन मात्र गेलं होतं.

"मग चोर कोण? तर मी," वायरमन म्हणाला. "अलार्म मी बसवला, दारांची कुलपं त्याला मी जोडली. गाडीच्या मालकीण, त्या व्हायोलिनवाल्या बाई, त्यांनी भर गल्लीत मला चोर म्हटलं. सकाळपासून गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या परत नेतायत. संध्याकाळी बाई पोलिसात जाणार. मग हे दुकान उठलंच समजा."

दुकानात बाईंची तेवढी गाडी उभी होती. तिला हात लावायची वायरमनला बंदी होती.

खासगी तपास करणाऱ्या वहिनी गाडीभोवती सावकाश फिरल्या. मागोमाग त्यांचे दीर. अख्खी गल्ली त्यांना भाऊजीच म्हणे. भाऊजींचं डोकं उशिरा पेटायचं, आणि पेटलं की उजेडापेक्षा धूर जास्त.

"भाऊजी, किल्लीवरचं बटण दाबा बघू."

टक्क. दारांच्या खुंट्या खाली बसल्या. मागच्या डाव्या दाराची मात्र पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखी उभीच राहिली.

"हे दार तर बंदच होत नाही," भाऊजी म्हणाले.

दार आणि गाडीचा खांब यांच्या मधे तारा नेणारी रबरी नळी होती. वहिनींनी ती सरकवली. आत दोन तारा तुटलेल्या.

"एक कुलपाच्या मोटरची," वायरमन लांबूनच म्हणाला. "दुसरी दार उघडल्याची खबर अलार्मला देते."

"टोकं साफ आहेत. वाकून वाकून तुटली असती, तर जुन्या दोरीसारखी पिंजली असती. ही पात्यानं कापलीत."

रबरावर पांढुरकी भुकटी होती. भाऊजींनी बोटावर घेऊन हुंगली. "राळ आहे ही. काय हो, तारा जोडायला डाख देताना, सोल्डरिंगला, तुम्ही राळ वापरता ना?"

"वापरतो की. राळेशिवाय डाख धरत नाही."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "आटोपलं. आपण चोराच्याच घरचा चहा प्यालो."

"चहा चांगला होता," वहिनी म्हणाल्या. "आता बाईंना, त्यांच्या ड्रायव्हरला आणि शिष्याला बोलवा."

ड्रायव्हर आधी आला. "तालमीच्या हॉलबाहेर गाडी लावली, बटण दाबलं, टक्क ऐकलं. परत आलो तेव्हा लांबूनच बटण दाबलं. दार उघडलं, तर व्हायोलिनची पेटी गायब."

"त्याआधी वाटेत कुठे थांबलात?"

"बाई औषधं घ्यायला उतरल्या, मी चाकांत हवा भरून घेतली. हे मागे बसून होते." त्यानं बाईंच्या शिष्याकडे मान वळवली.

बाई तोऱ्यातच आल्या. "दुसरं बटण माझ्या पर्समधे असतं. मी पुढे बसते, मागे बसलं की मळमळतं. त्या दिवशी तालीम दुसऱ्या वाद्यावर होती. हे जुनं नंतर दुरुस्तीला न्यायचं होतं. नीट करून लेकीला देणार होते."

"लेक वाजवते?"

"शिकेल," बाई म्हणाल्या. शिष्यानं मान खाली घातली.

तो मऊ बोलायचा. "मी पेटी सीटवर ठेवली नि दार लोटलं. तालमीत एकदा फोन आला म्हणून बाहेर गेलो होतो. गाडीच्या बटणाला मला कोण हात लावू देतंय?"

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या, आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या. भाऊजींना ती टेकण्याची तऱ्हा ठाऊक होती. गाठ सुटली होती.

"बाई, गाडी कुलूपबंद होती हे आपण सगळ्यांनी गृहीत धरलं. पण ड्रायव्हरनं लांबून बटण दाबलं. आधीच उघडं असलेलं दार त्याला कसं कळणार? तीन दारं मिटली, चौथं उघडं राहिलं. शिवाय खबर देणारी तार कापलेली, म्हणून अलार्म मुका."

"तारा यानंच कापल्या," बाईंनी वायरमनकडे बोट दाखवलं.

"कशाला? ज्यानं अलार्म बसवला, तो तिसरं बटण जोडून ठेवेल आणि ऐटीत दार उघडेल. स्वतःचीच तार कापून स्वतःकडे संशय कोण ओढवून घेईल? एक बटण ड्रायव्हरकडे, एक तुमच्याकडे. दरवाजातून जाता येतं तो खिडकीतून उडी मारत नाही. तार कापायची गरज फक्त बिनबटणाच्या माणसाला."

"पण राळ?" भाऊजींना राहवेना.

"भाऊजी, डाखाची राळ जळते. तिचे तपकिरी, काचेसारखे थेंब होतात. आणि तार कापायला डाख लागतो कुठे? ही पांढरी भुकटी व्हायोलिनच्या गजाच्या केसांना लावतात ती. तार कापणाऱ्याच्या बोटांवर ती रोज असते. बाईंच्याही असते, पण त्या पुढे बसतात. औषधं नि हवा होईस्तोवर या डाव्या दारापाशी एकटं कोण होतं?"

शिष्यानं बोटं रुमालात गुंडाळली.

"पेटी लपवायला पेट्यांच्या ढिगासारखी जागा नाही," वहिनी म्हणाल्या. "फोनच्या निमित्तानं बाहेर आलात तेवढ्यात ती लांब गेली नसणार; हॉलच्या वाद्यखोलीत एक पेटी जास्तीची निघेल. तुम्ही आणता, की भाऊजींना पाठवू?"

"मीच आणतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं ते मीच पुसलं, मीच जपलं. न वाजवणाऱ्या हातात जाईल, हे सोसवेना."

"मला म्हणायचं होतंस," बाई हळूच म्हणाल्या. "मी नाही म्हटलं असतं. पण एका गरिबाचं नाव तर तू मातीत घातलं नसतंस."

तो गेला, पेटी घेऊन आला आणि खाली मान घालून उभा राहिला. बाईंनी झाकण उघडलं, तारांवरून बोट फिरवलं आणि पेटी ड्रायव्हरच्या हाती दिली. "या शिष्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. आधी माझंच निस्तरते."

त्या गल्लीत उतरल्या. पंक्चरवाला, पानवाला, खिडक्यांतल्या बाया, सगळ्यांचे कान टवकारले.

"ऐका हो. मी वायरमनला चोर म्हटलं. चूक माझी. माझं व्हायोलिन घरच्याच माणसानं नेलं होतं. माझी गाडी इथेच दुरुस्त होईल, आणि पुढेही इथेच येईल."

वायरमननं डाखाची कांडी तापवली आणि कापलेल्या तारा जोडल्या. गोड, तिखट धूर दुकानभर पसरला. त्यानं बटण दाबलं, आणि चारही खुंट्या एका सुरात खाली बसल्या.

तेवढ्यात दाराशी हॉर्न वाजला. सकाळीच गाडी परत नेलेला टॅक्सीवाला ती उलटी घेत आत घालत होता. त्याच्यामागे आणखी एक.

"माझं आधी बघा," टॅक्सीवाला ओशाळून म्हणाला.

"सकाळी सगळ्यांच्या आधी गेलात ना?" वायरमन हसला. "मग आता रांगेत या."